गॅट्सबी की लिली बार्ट?
अमेरिकन श्रीमंतीला आतून लागलेली कीड पाहायची, तर दोन कादंबऱ्या हमखास पुढे येतात: फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) आणि एडिथ व्हॉर्टनची ‘द हाउस ऑफ मर्थ’ (१९०५).

गॅट्सबीकडे चोरट्या दारूचा पैसा आहे, घराणं नाही. त्याची गाडी चालवताना डेझीच्या, म्हणजे टॉमची बायको आणि गॅट्सबीची जुनी प्रेयसी हिच्या हातून टॉमची प्रेयसी मर्टल चिरडली जाते. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून जातात, आणि दोषी समजून मर्टलचा नवरा गोळी घालतो गॅट्सबीला. भाषा इतकी झळाळती की वाचकही दिपून जातो.

व्हॉर्टनची नायिका लिली बार्ट, तिचं उलटं: घराणं आहे, पैसा नाही. मला व्हॉर्टन जास्त खोल वाटते. ती स्वतः न्यूयॉर्कच्या जुन्या श्रीमंतांतली, त्यामुळे गोड बोलून माणसाला कसं वाळीत टाकतात हे तिला पक्कं ठाऊक. लिलीला बदनाम करणाऱ्या श्रीमंत, विवाहित बर्था डॉर्सेटची प्रेमपत्रं लिलीच्याच हाती लागतात. ती वापरली की गेलेली पत परत मिळेल. लिली ती गुपचूप शेकोटीत टाकते. आत्याकडून आलेले १०,००० डॉलर मिळताच ओळखीतल्या श्रीमंत गस ट्रेनरच्या देण्याचा चेक लिहिते आणि त्याच रात्री भाड्याच्या खोलीत मरते. हे मरण जास्त चटका लावतं.

एकच वाचणार असाल, तर व्हॉर्टन घ्या.