आठ महिने जपलेली रानमिरची: कॅप्सिकम चाकोएन्से

फेब्रुवारीत ऑनलाइन मागवलेल्या दहा बियांच्या पुडीला ऑगस्टमध्ये रागाच्या भरात मी एकच तारा दिला होता. आज तो बदलून चार तारे देत आहे. पुडीवर ‘कॅप्सिकम चाकोएन्से, अतितिखट’ एवढेच छापलेले होते. कोथरूडच्या आमच्या गच्चीवर चार बिया रुजल्या, त्याही चोवीस दिवसांनी. एप्रिलच्या उन्हात कळ्या गळाल्या, मे महिन्यात फुलकिड्यांनी पाने मुरडली, निंबोळी अर्काने ती जेमतेम सावरली. पावसाळ्यात मात्र चारही झाडे पांढऱ्या फुलांनी भरली आणि वाटाण्याएवढी, आकाशाकडे तोंड केलेली फळे लाल होऊ लागली. पिकलेले फळ बोट लागताच देठापासून सुटते, ही रानटी मिरचीची खूणच आहे.

तक्रार होती ती चवीची. सासूबाईंनी ठेच्यासाठी एक फळ चाखले आणि म्हणाल्या, “अगं, ही मिरची आहे की काकडी?” दोन झाडांची फळे जाळ होती, तर दोन झाडांच्या फळांत तिखटाचा मागमूस नव्हता. विक्रेत्याने भेसळ केली, असे मी धरून चालले.

मग वर्गीकरण वाचले. लागवडीतल्या मिरच्यांच्या पाच जातींत ही मोडत नाही. अर्जेंटिनाचे वनस्पतिशास्त्रज्ञ हुन्झिकर यांनी 1950 मध्ये तिला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला. नाव पडले ते अर्जेंटिना, बोलिव्हिया आणि पॅराग्वे या देशांत पसरलेल्या ग्रान चाको प्रदेशावरून. जवळच्या कॅप्सिकम बॅकाटमच्या पाकळ्यांवर पिवळट-हिरवे ठिपके असतात. माझ्या चारही झाडांची फुले निखळ पांढरी होती, म्हणजे निदान त्या जातीची भेसळ नव्हती. शिवाय बोलिव्हियातील अभ्यासांत याच जातीची तिखट आणि बिनतिखट झाडे एकाच रानात शेजारी शेजारी आढळली आहेत. फळाला कीटकांनी पाडलेल्या भोकांतून फ्युझेरियम बुरशी शिरते व बी नासवते. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सायसिन हे द्रव्य तिला आवर घालते, म्हणून दमट भागात तिखट झाडांचे प्रमाण वाढते.

एक तारा कापला आहे तो ‘अतितिखट’ या शब्दासाठी. पक्ष्यांना तिखट जाणवत नाही, त्यामुळे बुलबुल चारही झाडांवर सारखाच ताव मारतात. आम्ही मात्र तिखट झाडांना लाल दोरा बांधून ठेवला आहे.