युद्धकाळातल्या दुभाष्यांचे फोटो शोधताय? अमेरिकी नॅशनल अर्काइव्हजचा कॅटलॉग कसा आहे

फुकट आहे, शोधायला आणि डाउनलोड करायला खातं लागत नाही, आणि लष्करी फोटोग्राफरांनी नोकरीत काढलेले फोटो हक्कमुक्त असतात. तरीही शोधपेटीत नुसतं ‘इंटरप्रिटर’ टाकलंत तर निराशा होईल. दोष शोधयंत्रापेक्षा फोटोखालच्या मजकुराचा जास्त. त्यात अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, ठिकाण, तारीख नीट असते. अधिकारी आणि कैदी यांच्यामधला दुभाषी बहुतेकदा बिननावाचा. म्हणून ‘इंटरॉगेशन’, ‘प्रिझनर’, ‘लिंग्विस्ट’, ‘निसेई’ (अमेरिकेत जन्मलेली जपानी स्थलांतरितांची मुलं) असे शब्द इंग्रजीत टाका. जोडशब्द अवतरणचिन्हांत घाला, मग फक्त फोटो आणि फक्त ऑनलाइन उपलब्ध ही दोन फिल्टरं लावा. दुसऱ्या महायुद्धातले सिग्नल कोअरचे (अमेरिकी लष्कराच्या संपर्क विभागाचे) फोटो रेकॉर्ड ग्रुप 111मध्ये, म्हणजे त्या क्रमांकाच्या दस्तऐवज-गटात, तर नाझी नेत्यांवरच्या न्युरेंबर्ग खटल्याचे बरेचसे 238मध्ये.

न्युरेंबर्गचा भाग सर्वांत श्रीमंत. 1945-46च्या त्या खटल्यात एकाच वेळी चार भाषांत चालणारं भाषांतर हीच नवलाई होती, त्यामुळे इथे दुभाषी मुद्दाम टिपलेत: काचेच्या आडोशामागे, आयबीएमचे हेडफोन लावून. बारा-बारा जणांच्या तीन तुकड्या आळीपाळीने बसत, म्हणून एका फोटोत सगळे शोधू नका. वक्ता भरधाव सुटला की पिवळा दिवा, थांबवायचं तर लाल. कृष्णधवल फोटोंत हे रंग अर्थातच हरवतात. एक युक्ती: दुभाष्यांची जागा आरोपींच्या बाकांजवळच होती. ‘डॉक’ (आरोपींचा पिंजरा) शोधून आलेले रुंद फोटो मोठे करून त्यांच्या कडा बघा.

ब्रह्मदेशातला 1944चा एक फोटो सुखद अपवाद आहे. अमेरिकी जनरल मेरिल मधे, दोन्ही बाजूंना हर्बर्ट मियासाकी आणि अकिजी योशिमुरा हे जपानी वंशाचे अमेरिकी दुभाषी, आणि दोघांची नावं फोटोखालच्या ओळीत छापलेली.

मोठी उणीव म्हणजे बरेच फोटो अजून स्कॅन झालेले नाहीत. त्यांची नुसती नोंद दिसते. मूळ प्रत बघायला मेरिलँड राज्यातल्या कॉलेज पार्क शहरातलं अर्काइव्हजचं केंद्र गाठावं लागतं.

इराकचे फोटो वापरताना जपून. अमेरिकी सैन्यासोबतचे तिथले कित्येक दुभाषी जिवाच्या भीतीने तोंड झाकून काम करत. 2008मध्ये बगदादमधल्या अमेरिकी सैन्याने त्यालाही मनाई केली. फोटो हक्कमुक्त असला तरी उघडा चेहरा पुन्हा छापण्याआधी तो धूसर करावा.