अकरावीची ऑनलाइन प्रवेश सेवा: सोय चांगली, पण पहिला पसंतीक्रम जपून

२०२५ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश अख्ख्या महाराष्ट्राला लागू झाला. अर्जाचे दोन भाग: पहिल्यात माहिती आणि कागदपत्रं, दुसऱ्यात जास्तीत जास्त १० कॉलेजांचा पसंतीक्रम. गुणवत्ता यादी ‘बेस्ट फाइव्ह’वर, म्हणजे दहावीतल्या सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांच्या ५०० पैकी गुणांवर लागते.

खरी गोम पहिल्या पसंतीत आहे. तेच कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दोन ते दहा क्रमांकांचं कॉलेज मिळालं तर मात्र पुढच्या फेरीसाठी थांबता येतं. म्हणून ‘बघू या लागतंय का’ म्हणत घरापासून दीड तासावरचं कॉलेज वर टाकू नका. आधी गेल्या वर्षीचा कटऑफ शाखा, माध्यम आणि आरक्षणानुसार तपासा. अनुदानित (सरकारी अनुदानावरच्या) आणि स्वयंअर्थसहाय्यित (विद्यार्थ्यांच्या फीवर चालणाऱ्या) तुकडीचे कोड वेगळे असतात. चुकलं की फीचा आकडा बघून डोळे पांढरे होतात.