उंदरातले जिवाणू मोजायचे कसे: प्लेट, पीसीआर की प्रकाश?

प्रयोगाचा आराखडा आखताना आधी एवढेच ठरवा: जिवंत जिवाणू किती आहेत ते हवे, की संसर्ग कुठे आणि कसा पसरतो ते?

पहिले हवे असेल तर भरवसा प्लेटवरच, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशीवरच ठेवा. प्लीहा १ मिली बफरमध्ये वाटायची, दहा-दहा पटीने पातळ करत जायची आणि १०० मायक्रोलिटर आगारवर (जिवाणूंच्या खाद्याच्या जेलीवर) पसरायचे. १०,००० पट पातळ केलेल्या प्लेटवर ४५ वसाहती (एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) आल्या, तर प्लीहेत साधारण ४५ लाख सीएफयू, म्हणजे वसाहत घडवू शकणारे जिवंत जिवाणू. मोजायला ३० ते ३०० वसाहतींची प्लेट घ्या. त्याहून दाट असेल तर वसाहती एकमेकींत मिसळतात. मूळ, पातळ न केलेल्या नमुन्याची प्लेट कोरी निघाली, तर मात्र वहीत शून्य लिहू नका. तुम्ही दहावा हिस्साच पाहिलाय, म्हणून ‘१० पेक्षा कमी’ लिहा. औषधाच्या चाचणीत तर दुप्पट सावध राहा, कारण वाटलेल्या अवयवात उरलेले प्रतिजैविक प्लेटवरही वाढ रोखते आणि औषध आहे त्याहून गुणकारी भासते.

प्लेटच्या उणिवाही खऱ्याच. जिवाणूंची अख्खी गुठळी एकच वसाहत देते. साल्मोनेला दुसऱ्या दिवशी दिसतो, क्षयाचा जिवाणू तीन-चार आठवडे घेतो. शिवाय दर टप्प्याला प्राणी मारावे लागतात.

क्यूपीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवत त्या मोजणारी पीसीआर, काही तासांत आकडा देते. कुष्ठरोगाचा जिवाणू कुठल्याही कृत्रिम माध्यमावर वाढतच नाही, तिथे तिचा मोठा आधार. पण ती मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मोजते, त्यामुळे उपचारानंतर केवळ तिच्यावर विसंबून निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

प्रकाशाच्या पद्धतीत जिवाणूत लक्स जनुके घालतात, मग तो स्वतःच चमकतो. तोच उंदीर भूल देऊन रोज पाहता येतो. कमी प्राणी लागतात, आणि मला हे फार मोलाचे वाटते. मात्र या प्रकाशाला ऑक्सिजन लागतो, म्हणून आतड्याच्या पोकळीत तो मंदावतो. खोलवरचे थोडे जिवाणू दिसत नाहीत आणि काळी लव प्रकाश शोषते.

चमकणारा वाण (लक्स जनुके घातलेला जिवाणू) मिळत असेल तर मी प्रकाशावरून दिवस निवडेन आणि त्या दिवशीचा आकडा प्लेटवरून घेईन. त्याआधी तो वाण मूळ वाणाइतकाच रोगकारक आहे का, हे मात्र तपासून घ्या.