फडक्यावर निघालेला ‘मळ’ हा सीटचाच रंग होता

जुन्या गाडीच्या लेदर सीट ‘पुन्हा नव्यासारख्या’ करून देतो म्हणणाऱ्यांपैकी एकाने मला व्यवस्थित टोपी घातली. त्याने वापरलेली युक्ती इतकी सोपी आहे की ती आणखी कुणावर तरी चालतच असणार, म्हणून सविस्तर लिहितोय.

सीट बदामी रंगाच्या, गाडीबरोबर आलेल्या. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, म्हणजे चढता-उतरताना जी घासली जाते ती, काळपट पडली होती आणि तिथे बारीक भेगा दिसत होत्या. बाकी सीट धडधाकट. त्या गृहस्थांनी सीटवरून हात फिरवला, मान हलवली आणि म्हणाले, “साहेब, लेदर तहानलेलं आहे. आत तेल मुरलं पाहिजे, नाहीतर फाटेल.” मग खिशातून पांढरंशुभ्र फडकं काढलं, बाटलीतलं काहीतरी त्यावर ओतलं आणि सीटचा हातभर भाग जोर लावून पुसला. फडकं तपकिरी. “बघा, केवढा मळ बसलाय!”

सगळा सौदा त्या फडक्यावर झाला. ते फडकं नीट बघा. सीटवरचा मळ म्हणजे घाम, धूळ आणि अंगाचा तेलकटपणा. तो करडा-काळसर निघतो. त्या फडक्यावरचा डाग मात्र स्वच्छ बदामी होता, हुबेहूब सीटच्या रंगाचा. बाटलीला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येत होता. आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या लेदरवर रंगाचा थर असतो आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. कडक सॉल्व्हंट लावून घासलं की हे थर सुटतात. म्हणजे मळ दाखवण्याच्या नावाखाली त्याने माझ्या डोळ्यांदेखत सीट सोलली, आणि जे सोललं ते भरून देण्याचे पैसे मलाच सांगितले.

‘तेल मुरतं’ हेही बहुतांशी थोतांड. वर असा बंद थर असेल तर क्रीम मुरणार कुठून? भेगांतून, शिवणीतून जाईल तेवढंच, बाकी सगळं वर राहतं. काही जुन्या, उंची गाड्यांत अ‍ॅनिलीन लेदर असतं, ज्यावर असा जाड थर नसतो. ते खरोखर शोषून घेतं. ओळखायचं कसं? सीटच्या आडबाजूला पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच उभा राहिला तर वर थर आहे. थेंब जिरून तिथे गडद डाग पडला तर अ‍ॅनिलीन असण्याची शक्यता जास्त. (रंगाचा थर झिजलेल्या जागीही थेंब जिरतो, म्हणून न वापरलेली जागा निवडा.) माझ्या सीटवर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. हे त्याला माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

गाडी परत मिळाली तेव्हा सीट आरशासारख्या चमकत होत्या. चांगल्या अवस्थेतलं गाडीचं लेदर साधारणपणे मंद, जवळजवळ मॅट दिसतं. चमक दिसली की एकतर मळ साचलाय किंवा कुणीतरी काहीतरी फासलंय. उन्हात गाडी उभी राहिल्यावर सीट चिकट झाल्या, धूळ बसायला लागली आणि फिक्या शर्टच्या पाठीवर तपकिरी पट्टे उमटले. कडेच्या भेगा ज्या ‘भरल्या’ होत्या, त्या नुसत्या रंगीत पॉलिशने लपवल्या होत्या. बसण्या-उठण्याने पॉलिश उडालं आणि भेगा आधीपेक्षा ठळक दिसायला लागल्या. भेग क्रीमने बुजत नसते. तिथे फिलर भरून वरून रंग द्यावा लागतो, आणि ते वेगळं काम आहे.

जाब विचारला तर उत्तर तयार होतं: “मुरायला वेळ लागतो. आणखी एक कोट मारू, त्याचे वेगळे द्यावे लागतील.”

शेवटी सीट शिवणाऱ्या एका अनुभवी कारागिराला गाडी दाखवली. त्याने कव्हरची खालची कड उलटून दाखवली. बसायच्या भागाला मागून कातड्याचे तंतू दिसत होते, बाजूच्या पट्ट्यांना आणि पाठीमागच्या भागाला विणलेलं कापड. म्हणजे निम्म्याहून जास्त भाग रेक्झिन. गाड्यांत हे सर्रास असतं, त्यात कंपनीची लबाडी नाही. पण मला बिल लागलं ते पूर्ण लेदरचं, रेक्झिनला ‘तेल पाजण्याच्या’ पैशांसकट. वर फासलेलं ते सिलिकॉनचं पॉलिश निघाल्याशिवाय नवा रंग धरणार नाही, पापुद्रे सुटतील, असंही तो म्हणाला. ते काढण्याचा खर्च आता वेगळा.

खरं काम दिसायला अगदी कंटाळवाणं असतं. आधी व्हॅक्यूम, शिवणीतली माती काढून. मग लेदरसाठीचा सौम्य क्लीनर मऊ ब्रशवर घ्यायचा, सीटवर ओतायचा नाही, कारण पाणी शिवणीतून फोममध्ये उतरलं की कुबट वास धरतो. फेस ओलसर मायक्रोफायबरने टिपायचा. लेदर किंचित आम्लधर्मी असतं, त्यामुळे इंजिन किंवा टायर धुवायचे अल्कली क्लीनर त्यावर नकोत. मॅजिक स्पंजही नको, तो बारीक पॉलिशपेपरसारखा वरचा थर घासतो. शेवटी कंडिशनरचा पातळ हात आणि उरलेलं पुसून कोरडं. सीट चमकत नाही, फक्त स्वच्छ दिसते. म्हणूनच असं काम विकणं अवघड जात असावं.

तक्रार करायला गेलो तर पावतीवर नुसतं ‘इंटिरिअर ट्रीटमेंट’ लिहिलेलं. काय वापरलं, किती सीटना, लेदरला की रेक्झिनला, काहीच नाही. तुम्ही काम देणार असाल तर क्लीनर, कंडिशनर, फिलर आणि रंग पावतीवर वेगवेगळे लिहून घ्या, बाटल्यांची नावंही. गाडी ताब्यात देण्याआधी प्रत्येक सीटचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर, दिवसाच्या उजेडात काढून ठेवा. मला टोपी घालणाऱ्याने दाखवलेल्या त्याच्या कामाच्या फोटोंपैकी ‘आधी’चा सावलीतला होता आणि ‘नंतर’चा फ्लॅश मारून, सीट ओली असताना काढलेला.