थायरम, कार्बॉक्सिन की टेब्युकोनॅझोल: गव्हाच्या बियाण्याला काय चोळावं?

बीजप्रक्रियेचं औषध रोग पाहून निवडतात. ते बरोबरच आहे, पण गहू आणि बार्लीच्या बाबतीत पेरणीची खोलीही तितकीच पाहायला हवी.

थायरम साधं, स्पर्शजन्य औषध. ते बियाण्याच्या सालीवर राहतं आणि लगतच्या मातीतल्या बुरशीला रोखतं, त्यामुळे थंड, ओल्या जमिनीत बी कुजणं कमी होतं. कोंबाच्या वाढीत ते सहसा ढवळाढवळ करत नाही. पण मोकळी काणी (ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा बुरशीजन्य रोग) दाण्याच्या गर्भात दडलेली असते, आणि तिथे थायरमचं काही चालत नाही.

तिथे आंतरप्रवाही, म्हणजे बियाण्यात आत शिरणारं औषधच हवं: कार्बॉक्सिन किंवा टेब्युकोनॅझोल. काणी दोन्ही आवरतात, खरा फरक उगवणीत पडतो. टेब्युकोनॅझोल ट्रायझोल गटातलं. हा गट बुरशीत स्टेरॉल (तिच्या पेशींच्या पटलाला लागणारा घटक) बनू देत नाही, आणि रोपातलं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक तयार होण्यातही अडथळा आणतो. परिणामी कोंबावरचं टोपीसारखं आवरण आखूड राहतं. ते जमिनीच्या वर पोचण्याआधीच थांबलं तर पहिलं कोवळं पान मातीतच उलगडतं आणि चुरगळून अडकतं. बी ३ सेंटिमीटरवर असेल तर सहसा निभावतं. ८ सेंटिमीटरवर गेलं की उगवण लांबते, विरळ होते. बुटक्या वाणांचं हे आवरण मुळातच आखूड, त्यामुळे धोका दुप्पट. ओल खाली गेली म्हणून बी खोल टाकायचं असेल, तर मी कार्बॉक्सिन-थायरमचं मिश्रणच घेईन. उथळ पेरणीत मात्र टेब्युकोनॅझोलला नावं ठेवायचं कारण नाही; रोपं सुरुवातीला थोडी बुटकी दिसली तरी घाबरू नये.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी कीटकनाशकं वाळवी किंवा माव्याचा त्रास असेल तरच. मधमाश्यांना धोका असल्याने युरोपीय संघाने २०१८ साली उघड्या शेतात या दोन्हींवर बंदी घातली. वापरलीच तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि शेवटी ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत, हा क्रम मोडू नये.

आणखी एक. ओल्या कागदावरच्या उगवण चाचणीवर इथे विसंबू नका. कागदावर कोंबाला माती फोडावी लागत नाही, म्हणून ट्रायझोल लावलेलं बीही झकास दिसतं. दोन कुंड्या घ्या, एकीत प्रक्रिया केलेलं आणि दुसरीत न केलेलं बी टाका, पण तुम्ही शेतात ज्या खोलीवर पेरणार आहात त्याच खोलीवर.