कोपराचा सांधा बदलणं: मिरज-सांगलीत पैसे भरण्याआधी

मिरजेत गुडघा बदलून गेलेला माणूस आता गल्लोगल्ली भेटतो. कोपराचं तसं नाही. ही शस्त्रक्रिया मुळात कमी होते, म्हणून गुडघ्यावर हात बसलेला सर्जन कोपरातही तितकाच सरावलेला असेल, असं धरून चालू नये. गेल्या दोन वर्षांत किती कोपर केले, हे पहिल्याच भेटीत विचारा. मोघम उत्तर आलं तर पुण्या-मुंबईला एकदा दाखवून या.

आमवातानं झिजलेलं कोपर आणि उतारवयात ठिसूळ हाडाचा चुरा, जिथे प्लेट-स्क्रू धरणार नाहीत, या दोन पेशंटांना हे ऑपरेशन खरोखर मानवतं. दुखणं जातं, घास तोंडापर्यंत पोहोचतो, वेणी घालता येते. रोजच्या कामाला ३० ते १३० अंशांची हालचाल पुरते आणि बहुतेकांना त्याच्या आसपास मिळते. हात पूर्ण सरळ होईलच असं नाही.

अडचण वजनाची आहे. त्या हातानं एका वेळी साधारण साडेचार किलो आणि वारंवार उचलायचं तर दोन-सव्वादोन किलो, तेही जन्मभर. भरलेली बादली, द्राक्षाचं क्रेट, दुधाची किटली, सगळं दुसऱ्या हाताकडे. दोन भाग एकमेकांना जोडलेल्या सांध्यात दंडाचा आणि कोपराखालच्या हाताचा असे दोन दांडे हाडांच्या पोकळीत सिमेंटनं बसवतात आणि मध्ये बिजागरी असते. बिजागरीतले प्लॅस्टिकचे बुश वजनानं घासतात, त्यांचे कण भोवतालचं हाड खातात आणि दांडा हलायला लागतो. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी पकडीला हाड कमी उरतं. चाळिशीतल्या, मळ्यात राबणाऱ्या माणसाला म्हणूनच आम्ही हा सांधा सुचवणार नाही.

बिघडतं कुठे? कोपराच्या मागे मांसाचा थर जवळजवळ नाहीच, म्हणून जंतुसंसर्गाचा धोका गुडघ्यापेक्षा जास्त. जखम पाझरत असेल तर व्यायाम थांबवून लगेच सर्जनला दाखवायचं. घरी गोळ्या खात वाट बघणं महागात पडतं. आमवाताची औषधं, विशेषतः बायोलॉजिकची (रोगप्रतिकारशक्ती दाबणारी) इंजेक्शनं, कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची हे लिहून घ्या. करंगळीकडे जाणारी अल्नर नस सांध्याला अगदी चिकटून असते. करंगळी-अनामिकेत आधीपासून मुंग्या येत असतील तर तशी नोंद ऑपरेशनपूर्वीच फाइलमध्ये हवी, नाहीतर नंतर वाद होतो.

दंडामागचा ट्रायसेप्स स्नायू सोडवून पुन्हा शिवला असेल तर सुमारे सहा आठवडे जोर लावून हात सरळ करायचा नाही. जमिनीवर मांडी घालून बसणारी आपली माणसं उठताना नेमका तोच हात टेकतात आणि शिवण सुटते. घरी उंच खुर्ची आधीच आणून ठेवा. काठी घेऊन चालणाऱ्यांनी ती कोणत्या हातात धरायची हेही विचारून घ्यावं.

खर्चाचं: २०१७ साली सरकारनं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला मर्यादा घातली, पण त्या आदेशात कोपर नाही. सांध्याची किंमत बिलात वेगळी मागा. सांधा बहुधा ऑर्डर देऊन येतो; बारीक हाडाच्या बायकांसाठी लहान साइज सोबत आली आहे का, हे आदल्या दिवशीच खात्री करून घ्या. डिस्चार्जच्या कागदावर कंपनी, साइज आणि लॉट नंबरचे स्टिकर चिकटवलेले हवेत. दहा वर्षांनी बुश बदलायची वेळ आली तर सर्जन सगळ्यात आधी तेच मागेल.